तिसरी रणजाई

“मंदे, एक बोट राहिली.”

मी स्टुलावर उभी होते. उजव्या हातात ब्रश, मनगटाखाली टेकायची काठी, आणि १८३१ मधला शेवटचा एक वरून खाली ओढत होते. अशा वेळी बोलायचं नसतं हे आमच्या दुकानात येणाऱ्या मांजरालाही कळत होतं. मयेकरकाकांना तर कळत होतंच. म्हणून मी आधी एक पुरा केला, ब्रश उचलला आणि मग मागे बघितलं.

“कुठली बोट?”

“रणजाई.”

“काका, ह्या सगळ्या रणजाईच आहेत.”

“ते दिसतंय मला. चार आखल्यात. पाच होत्या.”

माझ्या कमरेला खोचलेली यादी काढून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. फळ्याकडेच बघत राहिले, आणि मग दुकानाच्या दारापासून मागच्या पडद्यापर्यंत फेऱ्या मारायला लागले. आमचं दुकान दहा पावलांचं. त्यात रंगाचे डबे, सागवानी फळा, आप्पांची खुर्ची आणि मी. फेऱ्या मारायची ती जागा नव्हेच.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. माझगावात गोदीच्या भिंतीला लागून ‘हडकर पेंटर’ हे आमचं दुकान होतं. मच्छीमार बोटींची नावं, ट्रकांच्या पाठी, दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फलक, जे येईल ते. पेंटर म्हणजे माझे वडील, आप्पा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांग झालं आणि उजवा हात गेला, तेव्हापासून ब्रश माझ्याकडे आणि बोलणं त्यांच्याकडे. मला कुणी शिकवलं नाही. आप्पा म्हणत, शिकवण्यासारखं त्यात काय आहे, बघत जा आणि चुकत जा. मी दोन्ही मन लावून केलं. इंग्रजी वाचायलाही मी रंगाच्या डब्यांवरून शिकले. आप्पांना तर तेवढंही येत नव्हतं. ते इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढत, एकही चूक न करता, आणि काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाला विचारत.

नौदलाचं काम आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. नवी युद्धनौका येत्या शनिवारी आरमारात दाखल व्हायची होती. तिच्यात लावायला एक फळा हवा होता, त्याच नावाच्या आधीच्या सगळ्या जहाजांचा. काम घेऊन आलेल्या चीफ सकपाळांनी मला समजावून सांगितलं होतं.

“मॅडम, जहाज भंगारात जातं. नाव जात नाही. ते पुढच्या जहाजाला देतात.”

मला मॅडम म्हणणारा तो आयुष्यातला पहिला माणूस. मी त्याच दिवशी नवा ब्रश काढला.

यादीत चार ओळी होत्या. पहिली रणजाई मराठ्यांच्या आरमारातली गुराब जातीची नौका, १७३८ सालची. ती इंग्रजांनी पकडली, आणि बोटीचं नाव बदललं तर ती माणसं खाते ह्या खलाशांच्या समजुतीला भिऊन म्हणा किंवा आळसाने म्हणा, नाव तसंच ठेवलं. दुसरी त्यांनी बांधलेली शिडांची लढाऊ नौका, १८३१. मग एकदम १९५८ ची फ्रिगेट, जी नुकतीच भंगारात निघाली होती. आणि चौथी ही नवी. चारही ओळी सोन्याच्या वर्खात लिहायच्या होत्या.

“कुठली राहिली रे दामू?” आप्पांनी खुर्चीतून विचारलं.

“माझी.”

आप्पा ताठ झाले. म्हणजे जेवढं होता येत होतं तेवढे. “बंडवाली?”

मयेकरकाकांना उत्तर द्यावं लागतच नसे, कारण ती गोष्ट सांगायचं काम आप्पांचं होतं. शेजारच्या चाळीत राहणारे दामोदर मयेकर, मालवणचे, गोदामात मुकादमी करून रिटायर झालेले. पण एकोणिसाव्या वर्षी ते गोऱ्यांच्या नौदलात खलाशी होते, आणि सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईत खलाशांनी बंड केलं तेव्हा त्यांनी आपल्या बोटीवर घोषणा दिल्या, आणि साहेबाने त्यांना हाकलून दिलं. ही गोष्ट आप्पा वीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. दर पंधरा ऑगस्टला मंडळातर्फे मयेकरकाकांना हार घालत. हार घालताना आप्पांचे डोळे भरून येत, मयेकरकाकांचे नाही. ते लाजतात असं आम्ही समजत होतो.

“बंड केलं म्हणून गाळली,” आप्पा म्हणाले. “बघ मंदे, पंचेचाळीस वर्षं झाली स्वराज्याला, तरी ह्यांच्या फळ्यावर बंडवाली बोट नको.”

“तसं नसेल, आप्पा. टाईप करणाऱ्याकडून राहिली असेल.”

“तू गप्प. तू ती पुढची ओळ लिहू नकोस. सकपाळला बोलव.”

मी लिहिणार नव्हतेच. दोन ओळी झाल्या होत्या, पुढच्या दोन नुसत्या खडूने आखल्या होत्या. तिथे काही लिहिण्याआधी ठरलं तर पुढच्या ओळी खाली सरकवता येणार होत्या. वर्ख लागला की संपलं. सागवानावरचा वर्ख खरवडला की डाग राहतो, आणि तो जन्मभर दिसतो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकपाळ आले. पांढरे बूट दाराबाहेर काढले. आप्पांनी त्यांना बसायलाही न सांगता सुरुवात केली. सकपाळांनी सगळं ऐकून घेतलं. मग मयेकरकाकांकडे वळले.

“बाबा, कुठल्या प्रकारची बोट?”

“सुरुंग वेचणारी. छोटी. बासष्ट माणसं.”

“साल?”

“त्रेचाळीसला आली. सत्तेचाळीसला मोडीत काढली.”

“तुमच्याकडे काही कागद? सर्व्हिसचं सर्टिफिकेट? त्यात बोटींची नावं असतात.”

मयेकरकाकांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमाल परत ठेवला. “नाही.”

“अहो, हाकललं त्याला,” आप्पा म्हणाले. “हाकललेल्याला सर्टिफिकेट देतात का?”

“देतात, आप्पा,” सकपाळ हळू म्हणाले. “हाकललं असंच त्यावर लिहून देतात. बाबा, घरी बघा. यादी दिल्लीहून आली आहे, तोंडी सांगण्यावर मी बदलू शकत नाही. कागद दाखवा, मी धावत जाऊन साहेबांची सही आणतो. पण उद्या दुपारपर्यंत. मॅडम, किती वेळ थांबता येईल?”

वर्ख सुकायला एक रात्र, वरच्या वार्निशला अर्धा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी फळा जायचा होता. हिशेब सरळ होता.

“हवा दमट आहे,” मी म्हटलं. “तसंही आज काम होणार नाही.”

बाहेर कडकडीत ऊन होतं. सकपाळांनी उन्हाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बूट घातले.

ते गेल्यावर मयेकरकाका पुन्हा फेऱ्या मारायला लागले. चहा आणला तो तसाच राहिला. आप्पा त्यांना धीर देत होते, की कागद नसला तरी लोकांना ठाऊक आहे, आपण पेपरात पत्र देऊ, मंडळाच्या लेटरहेडवर. आप्पांना बाबू म्हणणारे मयेकरकाका एकदा थांबून म्हणाले, “पत्र नको, बाबू. लोकांना ठाऊक असून काय करायचंय. फळ्यावर पायजे.” आणि चालू लागले. माझ्याही हाताला चैन पडेना. मी धुतलेले ब्रश परत धुतले, डबे आकाराप्रमाणे लावले, मग रंगाप्रमाणे लावले. घरात एका माणसाचं पाऊल टेकत नसलं की कुणाचंच टेकत नाही.

गुरुवारी सकाळी मी दुकानाची फळी काढली तर ते समोर उभे. साडेसात वाजले असतील. आप्पा मागच्या खोलीत झोपले होते. काकांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला जाड कागद.

“तू वाच. मोठ्याने नको.”

“होता तर कागद!”

“वाच.”

छापील रकाने, शाईने भरलेले. नाव, दामोदर सदाशिव मयेकर. जन्मगाव, मालवण. जहाजांच्या रकान्यात दोन नावं. पहिलं प्रशिक्षणाच्या बोटीचं. दुसरं रणजाई. मला एवढा आनंद झाला की मी पुढचं जवळजवळ वाचलंच नाही. मग वाचलं. मी पुन्हा वरून सुरुवात केली. शेवटच्या रकान्यात तीनदा तेच दोन शब्द होते, जे मला डब्यांवरून चांगले पाठ होते. व्हेरी गुड.

मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“सकपाळला दे. त्याने बोटीचं नाव बघावं, मला परत द्यावा. बाबूला दाखवू नको.”

“काका…”

“विचारू नको, बाय. नेशील का तेवढं सांग.”

“मी आत्ता डॉकयार्डच्या गेटवर जाते. आप्पा उठायच्या आत परत येते.”

मी चप्पल घातली, आणि पडद्यामागून आवाज आला, “मंदे, कोण आलंय? दामू का? मला उठव.”

अर्धांगाच्या माणसाला उठवायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मी कागद कुठे लपवू हे ठरवू शकले नाही, कारण दोन्ही हात आप्पांच्या काखेत होते आणि कागद माझ्या दातांत होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी डाव्या हाताने तो काढून घेतला.

“मिळाला? मिळाला का रे? मी म्हणत नव्हतो, ट्रंकेच्या तळाशी असेल!” त्यांनी कागद उजेडात धरला. “छपाई बघ मंदे. हा टाईप आता कोण वापरत नाही. शाईपण चांगली राहिलीय.” त्यांनी अंगठ्याने एक अक्षर चाचपलं. “वाच.”

मी कागद घेतला. “नाव, दामोदर सदाशिव मयेकर. जहाज रणजाई.”

“हां!”

“चार मार्च चव्वेचाळीस पासून.”

“पासून कळलं. पर्यंत कधी?”

“इथे पुसट आहे, आप्पा.”

“पुसट नाही,” मयेकरकाका दारातून म्हणाले. “वाच, मंदे.”

“काका, असू द्या.”

“वाच.”

“अकरा जानेवारी सत्तेचाळीस पर्यंत.”

“आणि शेवटचा रकाना.”

“वर्तणूक.” मी कागद खाली घेतला. “फार चांगली.”

आप्पा आयुष्यभर ओळींमधलं अंतर डोळ्यांनी मोजणारे माणूस. ह्या सालांमधलं अंतर मोजायला त्यांना बोटं लागली नाहीत.

“सेहेचाळीसला हाकललं ना तुला?”

“नाही.”

“मग कुणाला हाकललं?”

“अकरा जणांना. मला नाही.”

रस्त्यावरून हातगाडी गेली. काका दारातून एक पाऊल आत आले.

“बंड मोडलं,” काका म्हणाले, “त्याच्या तिसऱ्या दिवशी कॅप्टनने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. पुढे कोण कोण होतं, विचारलं.”

“मारलं का तुला?” आप्पांनी विचारलं. होय ऐकायची त्यांना आशा होती.

“हातसुद्धा लावला नाही.”

“धमकी दिली असेल.”

“खुर्ची दिली बसायला. विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, आई. म्हणाला, वाट बघत असेल. बस्स, एवढंच बोलला. बाबू, मी खूप वर्षं आठवून बघितलं, आणखी काही बोलला का. नाही बोलला.”

“आणि तू?”

“नावं सांगितली. अकरा. त्याला आपली नावं लिहायला जमेनात, तर मी स्पेलिंगं सांगत होतो.”

आप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वरखाली होत होता. “वीस वर्षं,” ते म्हणाले. “वीस वर्षं मी हार घातला तुला. एकदा तरी सांगायचंस.”

“चाळीत नवा आलो तेव्हा कुणीतरी विचारलं, रणजाईवर होतास म्हणजे बंडात होतास? मी हो म्हटलं. होतोच. पहिले तीन दिवस मीपण ओरडलो, घसा बसेपर्यंत. पुढचं तू सांगत गेलास. आणि तू सांगायचास छान. मलाच खरं वाटायचं कधीकधी.”

“मग आत्ता का? यादीत नव्हती बोट, कुणाला कळलं असतं? गप बसला असतास तर…”

“ती अकरा माणसं होती तिच्यावर,” काका म्हणाले. “त्यांना कुणी हार घातला नाही. बोट फळ्यावर नसेल तर ती नव्हतीच, आणि ती नव्हती तर ते पण नव्हते.”

एवढ्यात सकपाळ आले. नेहमीप्रमाणे बूट काढायला वाकले, आमचे चेहरे बघून तसेच थांबले. मी कागद त्यांच्या हातात दिला. ते नोकरीतले माणूस. रकान्यांवरून त्यांची नजर झरझर खाली गेली, शेवटी थांबली, आणि त्यांनी मयेकरकाकांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्या सालांचा अर्थ नौदलातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नसणार.

“कागद बरोबर आहे,” ते म्हणाले. “झेरॉक्स काढून मूळ परत करतो, बाबा. जपून ठेवा.”

ते गेले. त्यांच्या मागोमाग मयेकरकाकाही गेले. आप्पा फळ्याकडे तोंड करून बसले होते.

“ओळ आख,” ते म्हणाले.

“सही यायची आहे अजून.”

“ओळ आख म्हटलं ना.”

मी खडूची दोरी ताणली आणि सोडली. खालच्या ओळींच्या खुणा पुसून बोटभर बोटभर खाली घेतल्या. साडेबाराला सही आली. चिकट वार्निशने मी अक्षरं काढली: रणजाई, सुरुंगशोधक, १९४३ ते १९४७. वार्निश बोटाला ओढ देईल इतपत सुकेपर्यंत थांबले, वर्खाचे तुकडे मुलाच्या गालाला पावडर लावावी तसे टेकवत गेले. आप्पा एरवी प्रत्येक अक्षराला सूचना करत. त्या दिवशी संपूर्ण ओळीत ते एकदाच बोलले. “सात जरा आडवा पडतोय.” पडत होता. वर्ख लागायच्या आत मी सरळ केला. उरलेल्या दोन ओळी संध्याकाळपर्यंत पुऱ्या केल्या.

शुक्रवारी टेम्पो आला आणि फळा गेला. सकपाळांनी जाताना एक कार्ड दिलं. शनिवारच्या सोहळ्याला श्री. मयेकर, रणजाईवर काम केलेले सर्वांत वयस्क हयात खलाशी, पुढच्या रांगेत. मी ते चाळीत नेऊन दिलं. काकांनी वाचलं आणि मला परत दिलं. “पुढच्या रांगेत नको,” म्हणाले. मागच्या रांगेतही गेले नाहीत.

आठ दिवस ते दुकानात फिरकले नाहीत. आप्पांनी त्या आठ दिवसांत माझं जगणं अवघड केलं. ब्रश जाड, रंग पातळ, ‘क’ची गाठ मोठी. येणारे विचारत, मयेकर दिसत नाहीत? आप्पा म्हणत, मला काय ठाऊक, मी काय त्याचा सेक्रेटरी आहे? गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही सांगितली नाही. जुनीही नाही आणि नवीही नाही.

नवव्या दिवशी दुपारी म्हणाले, “जा. बोलव त्याला.”

“काय सांगू?”

“मी बोलावलंय म्हणून सांग. आणखी काय सांगायचं?”

काका आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. आप्पा रस्त्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही.

“त्या अकरांतला पहिला कोण?”

“कशाला आता, बाबू?”

“स्पेलिंगं सांगता येत होती ना? मग माणूसही सांगता येईल. पहिला कोण?”

काकांनी चौकटीला हात टेकला. “तुकाराम खोत,” ते म्हणाले. “हर्णैचा. दोऱ्यांच्या गाठी मारायचा, झोपेतसुद्धा. त्याची गाठ कुणाला सुटायची नाही, कापायला लागायची.”

“पुढे?”

“एका पायाला सहा बोटं होती. बूट मिळायचा नाही मापाचा.”

आप्पांनी मान हलवली. त्या दिवशी तेवढंच.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून आले. आप्पांनी रस्त्याकडे बघतच विचारलं, “आज कोण?” आज दाभोळचा इब्राहिम मुकादम. तिसऱ्या दिवशी बाळकृष्ण तोरसकर. अकरा दिवसांत अकरा झाले. मला वाटलं, संपलं. बाराव्या दिवशी आप्पांनी विचारलं, “आज कोण?” आणि काका पुन्हा तुकाराम खोतापासून सुरू झाले. प्रत्येक खेपेला काहीतरी नवीन आठवायचं. कुणाची बहीण, कुणाचं शिंकणं, कुणी कुठल्या बंदरात कसला पोपट घेतला. नाही आठवलं तर आप्पा चिडत, “एवढंच? त्या अकरांबरोबर दोन वर्षं राहिलास आणि एवढंच?” आणि काका उद्या आठवून येतो म्हणत. येतही.

त्या ऑगस्टला मंडळाची मुलं हार घेऊन विचारायला आली. आप्पा म्हणाले, ह्या वर्षी मयेकरांची तब्येत बरी नाही. मयेकर तिथेच उभे होते, ठणठणीत. मुलं मुकाट गेली.

असं सहा वर्षं चाललं. आप्पांनी त्यांना माफ केलं का, मला सांगता येणार नाही. काकांकडे बघून बोललेलं मी कधी ऐकलं नाही. आणि एक दिवस चुकवलेलाही आठवत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये एका रात्री मयेकरकाका गेले. सकाळी अकराला त्यांना आमच्या दुकानावरून नेलं. आप्पांनी खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढायला लावली, डावा हात कपाळाला लावला आणि गर्दी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग आत आले, जेवले, झोपले. चारच्या सुमाराला उठले. मी एका बोटीच्या पाटीवर पांढरा पहिला हात देत होते.

“आज जोसेफ,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“काल तोरसकर झाला. आज जोसेफ डिमेलो. वसईचा.” त्यांनी रस्त्याकडे बघितलं, आणि कुणीतरी आतून सांगतंय आणि आपण ते मोठ्याने म्हणतोय अशा आवाजात पुढे बोलू लागले. “वाफेच्या खोलीत होता. उकाड्यात गायचा, आवाज चांगला नव्हता. चर्चमधलं एकच गाणं यायचं, तेही अर्धं. उरलेलं अर्धं त्याच्या आईला येत होतं. सुट्टीला गेलो की शिकून येतो, म्हणायचा.”

मी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला.

“पुढे?” मी विचारलं.